एका पिंजऱ्यात एकच

१२ जानेवारी

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं की तू म्हणतोस, मी काय भिंतीवर फोटोत जाऊन बसलोय का. म्हणून नुसतंच दादा.

परवा फोनवर आपण काय बोललो ते मी नंतर आठवून पाहिलं. मी विचारलं, जेवलास का. तू म्हणालास, उद्या येणार आहे. मी विचारलं, कोण येणार आहे. तू म्हणालास, पोटभर. मग आपण दोघं हसलो आणि मी फोन ठेवला. ठेवल्यावर हसू फार वेळ टिकलं नाही. तू नोकरीभर चालवलेल्या हॉस्पिटलच्या धुलाईघरातल्या त्या यंत्रांनी तुझे कान नेले ते नेलेच, पण आपलं बोलणंही नेलं. तेव्हा आता पत्र. पत्रात 'काय? काय?' करावं लागत नाही.

तू एकदा विचारलं होतंस, मी त्या प्रयोगशाळेत नक्की करते काय. आज सांगते. मी उंदरांना जंत पाजते. हसू नकोस. केसासारखा बारीक जंत, आतड्याला धरून राहतो. त्याची अंडी पाण्यातून पाजायची आणि महिना-सव्वा महिना थांबायचं. मग उंदरांच्या लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. त्यांत अंडी दिसली तर जंतांनी आत बिऱ्हाड केलं असं समजायचं. नाही दिसली, तर उंदराने त्यांना आधीच घराबाहेर काढलं. खात्री करायला शेवटी पोट उघडावं लागतं. त्याबद्दल मी लिहिणार नाही आणि तूही विचारू नकोस.

आमच्याकडे दोन वाण आहेत, पांढरे आणि तपकिरी. एकाच खोलीत, एकच दाणा, एकच पाणी. पांढरे जंतांना हाकलतात, तपकिरी त्यांना राहू देतात. फरक फक्त आईबापांकडून आलेल्या रक्ताचा. आता आम्ही बघतोय की पांढरे म्हातारे झाले तरी त्यांची ही ताकद राहते का. त्यासाठी काही पांढरे नर जवळजवळ दोन वर्षं सांभाळलेत. उंदराच्या हिशेबात ते तुझे आजोबा शोभतील.

माझ्याकडची मागची खोली अजून रिकामी आहे. हे वाक्य मी दर पत्रात लिहिणार आहे, सवय करून घे.

तुझी,
ठमी

२ फेब्रुवारी

ठमे,

पत्र मिळालं. आधी चष्मा सापडेना, तो सापडला तर पत्र सापडेना, पण शेवटी वाचलं.

धन्य आहेस! आई जन्मभर नाक दाबून आपल्याला जंताचं औषध पाजत राहिली, आणि तिची लेक शिकून-सवरून जंत पाजायला लागली. वर त्याचा पगार घेते. आईला हे कळायला हवं होतं, लाटणं घेऊन आली असती.

तुझे पांढरे-तपकिरी वाचून मला मात्र काही नवीन वाटलं नाही. आपल्या घरात तेच होतं. लहानपणी माझं पोट कायम नगाऱ्यासारखं. पुढे तूही त्याच अंगणातली माती बोटबोट खाल्लीस, तुला ढिम्म काही झालं नाही. मी तपकिरी, तू पांढरी, झाला तुमचा प्रयोग! त्यासाठी एवढी मोठी इमारत कशाला बांधली?

मी बाबांचा साचा. तेच खांदे, तोच सकाळचा खोकला. बाबा साठीत साध्या तापाने गेले. डॉक्टर म्हणाले होते, पाच दिवसांत उठून बसतील. आता माझी साठी सहा महिन्यांवर आली. रडगाणं म्हणून लिहीत नाही, तुझ्या शास्त्राला दुजोरा म्हणून लिहितो.

बाकी मजेत. खालचे पोस्टमास्तर रोज संध्याकाळी पत्ते घेऊन वर येतात, हरतात, आणि जाताना पत्त्यांना शिव्या देतात. तू दिलेली शिट्टीची किटली ठणठणीत आहे. खोलीत तुझी पुस्तकं ठेव.

दादा

२० फेब्रुवारी

दादा,

पोस्टमास्तर रोज येतात हे वाचून बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि एखादा डाव हरत जा.

पण तुझ्या शास्त्रात चूक आहे. आमच्या वाणातला प्रत्येक उंदीर दुसऱ्याची नक्कल असतो. पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींतच वाढवून तसे तयार केलेले असतात ते. त्यामुळे एक पांढरा पाहिला की सगळे पाहिल्यासारखे. माणसं तशी नसतात. तुझे खांदे बाबांचे असतील, पण दात आईचे आहेत, आणि हट्ट कुठून आला ते दोघांनाही सांगता आलं नसतं. बाबांचं आयुष्य तुझ्या कपाळावर छापलेलं आहे असं माझा एकही उंदीर म्हणत नाही.

आता आनंदाची बातमी. म्हाताऱ्या पांढऱ्यांचा निकाल आला. तरुण पांढऱ्यांनी नेहमीप्रमाणे जंत हाकलले. त्याच रक्ताच्या म्हाताऱ्या पांढऱ्यांच्या लेंड्यांत मात्र अंडीच अंडी. एखाददुसरा सोडला तर सगळ्यांच्या पोटात जंतांनी बस्तान मांडलेलं. म्हणजे रक्त तेच, पण वयाने ताकद काढून घेतली. इतका लख्ख फरक मी नोकरीत क्वचित पाहिलाय. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम मला सर्वांसमोर म्हणाल्या, "तुझ्या चिकाटीचं फळ." आमच्या मॅडम कौतुक करतात तेव्हा लोक खिडकीबाहेर बघतात, सूर्य कुठे उगवला म्हणून. लेख लिहून झाला, या आठवड्यात पाठवतोय.

हे कोणाला सांगू असं झालं होतं, म्हणून तुला सांगितलं.

खोली रिकामी आहे. खिडकीत उन्ह येतं.

ठमी

२८ मार्च

ठमे,

उत्तराला उशीर झाला. मधे थोडी कणकण होती. गेली.

तुझा निकाल वाचला, दोनदा वाचला. साठी बुद्धी नाठी हे ऐकून होतो, आतड्यांचंही तसंच असतं ते तुझ्यामुळे कळलं. तुझे पांढरेसुद्धा म्हातारपणी टिकले नाहीत, मी तर मुळात तपकिरी. तेव्हा एकदा स्पष्टच लिहून टाकतो. मी तिकडे येणार नाही. जे व्हायचं ते इथे होईल. तुझ्या मागच्या खोलीत झोपून तुझ्या हातून औषधं घ्यायची, आणि तू माझ्याकडे त्या सूक्ष्मदर्शकातून बघितल्यासारखं बघायचं, ते मला नको. तुला मॅडमनी शाबासकी दिली, छान झालं. मनापासून लिहितोय.

जेवण वगैरे ठीक. एकट्यापुरतं टेबल कोण मांडतो, ओट्याशी उभ्यानेच खातो. मास्तर होते तोवर बसून खायचो.

दादा

६ एप्रिल

दादा,

मास्तर 'होते' म्हणजे काय? फेब्रुवारीत रोज हरत होते ना?

तुझं पत्र आल्यापासून मी स्वतःला विचारतेय की मी काय लिहून बसले. 'आनंदाची बातमी' म्हणून मी ते तुला कळवलं. साठीला टेकलेल्या भावाला! मी उंदरांबद्दलच लिहीत होते, पण वाचणारा कोण आहे हे माझ्या मनात आलंच नाही. तू शाबासकीबद्दल लिहिलंस ते वाचून तर मी पत्र उलटं करून ठेवलं.

पण त्यानंतर एक गोष्ट घडली, ती नीट सांगते.

रविवारी सकाळी मी प्राणिगृहात गेले होते. म्हाताऱ्या पांढऱ्यांतले थोडे उरलेत, त्यांचं पाणी बदलत होते. तुझं ते ओट्याशी उभं राहून खाणं डोक्यात होतं. दारावर आमचा नियम टांगलेला आहे, तो मी वर्षानुवर्षं बघते. मोठे नर भांडतात, एकमेकांना फाडतात, म्हणून 'एका पिंजऱ्यात एकच'. त्या दिवशी तो मी पहिल्यांदाच वाचला असं म्हण.

डावीकडे तरुणांचे पिंजरे. एकाच विणीची पिल्लं, अजून भांडायचं वय नाही, म्हणून पाच-पाच एकत्र. सगळी एका कोपऱ्यात ढीग करून झोपलेली, कोणाची शेपटी कोणाची ते कळू नये. उजवीकडे म्हातारे. प्रत्येक आपापल्या पिंजऱ्यात, वयात आल्यापासून एकटा.

दादा, मी तरुणांची म्हाताऱ्यांशी तुलना केली असं समजत होते. पण मी सोबतीने राहणाऱ्यांची एकट्यांशीही तुलना केली होती. जंत राहिले ते वयामुळे की एकटेपणामुळे, हे माझ्या आकड्यांवरून सांगताच येणार नाही. इतक्या लोकांनी तो लेख वाचला, कोणालाच हे दिसलं नाही. नियम आमच्या इतका अंगवळणी पडलाय की तोही प्रयोगाचा भाग आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

सोमवारी मॅडमकडे गेले.

"हे आत्ता सांगतेस?"

"आत्ता दिसलं."

"लेख गेलाय."

"म्हणून तर आले."

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात याला. तपासणारे काही बोललेत का?"

"नाही. पण आता मला दिसलंय ना."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाल्या, "नर एकत्र ठेवता येणार नाहीत. काय करशील?"

मी ते आदल्या दिवशीच ठरवलं होतं. पैदाशीच्या खोलीत पांढऱ्या माद्या आहेत, पिल्लं देऊन थकलेल्या, म्हाताऱ्या. माद्या एकत्र नांदतात. निम्म्या एकत्रच ठेवायच्या, निम्म्या एकेकट्या करायच्या. तरुण माद्यांचंही तसंच. मग सगळ्यांना जंत द्यायचे. लेख तोवर थांबवलाय.

मला तर आत्ताच खात्री वाटतेय की एकटेपणाच निघेल. पण अशी खात्री वाटते तेव्हाच माझ्या नजरेवर माझा भरवसा नसतो. म्हणून सहकारी बाईंना सांगितलंय, चिठ्ठ्या झाकून नमुने द्या, कोणता कोणाचा ते मला शेवटपर्यंत कळू देऊ नका. त्या म्हणाल्या, "स्वतःवरच पहारा?" म्हटलं, हो.

पण तू निकालासाठी थांबू नकोस. म्हाताऱ्यांचं जे झालं ते वयामुळे नसेल, दादा. ये.

ठमी

२७ एप्रिल

ठमे,

पकडलंस. मास्तर डिसेंबरातच मुलीकडे राहायला गेले. तुला पत्त्यांचं लिहिलं तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप लागून महिना होऊन गेला होता. त्यांची गाडी खाली उभी होती तेव्हा मी विचारलं, "परत कधी?" ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. परत विचारायची लाज वाटली. मान हलवली.

आता किटलीचंही सांगून टाकतो. ती शिट्टी मला ऐकू येत नाही. दोनदा पाणी आटून बूड जळलं, दुसऱ्यांदा वरच्या बाई धूर बघून धावत आल्या आणि काहीतरी ओरडल्या. चेहऱ्यावरून चांगलं नसावं. तेव्हापासून मी झाकणावर हात धरून उभा राहतो. चटका बसला की चहा झाला.

तर ठमे, तुझं एकटेपणाचं वाचून मी विचारात पडलो. खरं असेल तर मला पटण्यासारखं आहे. डोंगर पोखरून उंदीर काढायचं तुझ्या नशिबात आहेच, तो काढून झाला की कळव. तुझ्या उंदरांनी सांगितलं की सोबतीने फरक पडतो, तर मी येतो. पेटी पलंगाखालून काढून ठेवलीय. नाही सांगितलं, तर नाही येणार. कोणाला दया आली म्हणून मी कोणाच्या घरी राहायला जाणार नाही, बहिणीच्याही नाही. तू कधी खोटं लिहीत नाहीस, म्हणून तुझ्यावर सोपवतो.

आणि एक विचारायचं होतं. तुझ्या पत्रांत उंदीर आणि मॅडम सोडून कोणीच का नसतं? रविवारी सकाळी तू तिथे काय करत होतीस? सुट्टी असते ना?

दादा

११ जुलै

दादा,

मधे तुझी दोन कार्डं आली. दोन्हींवर एकेकच ओळ, "निकाल?" मी उत्तर दिलं नाही. निकाल नव्हता असं पहिल्या कार्डाच्या वेळी म्हणता आलं असतं. दुसऱ्याच्या वेळी तो माझ्या टेबलावर होता.

सहकारी बाईंनी झाकलेल्या चिठ्ठ्या काढल्या तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी होते. तरुण माद्यांनी जंत हाकलले, एकत्र असोत की एकट्या. म्हाताऱ्या माद्यांतल्या बहुतेकींच्या पोटात जंत राहिले, एकत्र असोत की एकट्या. दोन्हीकडे सारखंच. बाई म्हणाल्या, "अगं, चांगलं झालं की! तुझा पहिला निकालच खरा ठरला." मॅडमनी लेख त्या दिवशी पुढे सरकवला, नव्या माहितीसकट. मला पेढा मिळाल्यासारखं सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, जरा डोकं दुखतंय, आणि घरी आले.

म्हणजे वयानेच होतं ते, दादा. निदान या वाणात, या जंताच्या बाबतीत, सोबतीने म्हातारपण भरून निघालं नाही. माझी खात्री चुकीची होती.

घरी येऊन मी तुला पत्र लिहिलं होतं, ते हे नव्हे. त्यात खोटं एकही वाक्य नव्हतं, पण वाक्यं अशी रचली होती की वाचून तू पेटी भरली असतीस. एकट्या म्हाताऱ्यांतल्या किती वाचल्या आणि सोबतीतल्या किती, यात एकदोघींचा फरक आहे. तेवढा नुसत्या योगायोगानेही पडतो. त्या एकदोघी मी पहिल्या ओळीत बसवल्या होत्या. पाकीट चिकटवून झाल्यावर तुझं वाक्य आठवलं, तू कधी खोटं लिहीत नाहीस. पाकीट फाडलं.

एक मात्र पाहिलं ते सांगते, पुरावा म्हणून नाही. एकट्या केलेल्या म्हाताऱ्या माद्यांनी घरट्यासाठी दिलेला कागद कुरतडला नाही. तो दिला तसाच पडून असायचा. याला आमच्या तक्त्यात रकाना नाही, आणि मी ते मोजलंही नव्हतं.

आता तुझा प्रश्न. रविवारी मी तिथे काय करत होते? पाण्याची पाळी माझी नव्हती. जिची होती तिला मी म्हटलं, राहू दे, मी जाते. दर रविवारी म्हणते. तिला वाटतं मी फार कष्टाळू आहे. घरी सकाळी दूधवाला बेल वाजवून जातो, त्यानंतर सोमवारपर्यंत मला कोणी हाक मारत नाही. प्राणिगृहात निदान मी बोलते. म्हाताऱ्यांना एकेकाला विचारते, काय रे, कसा आहेस. मग माझंच मला हसू येतं.

आणि हे लिहिताना कळतंय, खोली खोली म्हणून मी तुझ्या मागे लागले ते मला वाटत होतं तुझ्या काळजीपोटी. काळजी खोटी नव्हती. पण तू आजारी पडशील, तुझं जेवण होत नाही, सोबतीने ताकद येते, ही सगळी कारणं मी तुझ्या अंगावर घालत होते. माझ्याकडे एक कारण होतं ते तुला कधी सांगितलं नाही. मला एकटं राहवत नाही, दादा. गेली कित्येक वर्षं राहवत नाही.

उंदरांनी मला काहीच आधार दिला नाही. अट तू घातलीस, निकाल असा आलाय, त्यामुळे तू आला नाहीस तर मला बोलायला जागा नाही. तरी विचारते. माझ्यासाठी येशील का?

ठमी

१९ जुलै

ठमे,

एवढंच होतं तर जानेवारीत लिहायचं. दोन-दोन प्रयोग कशाला केलेस? त्या बिचाऱ्या म्हाताऱ्या माद्यांना उगाच वेगळं केलंस. आता उरल्या असतील त्यांना परत एकत्र ठेव, आधी.

अट मागे घेतो. मला वाटत होतं मी तुझ्याकडे पडून राहायला येणार. काम आहे हे कोणी सांगितलंच नाही.

येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी पोचतो. स्टेशनवर मागून हाका मारू नकोस, मला ऐकू येणार नाही आणि तू घाबरशील. समोर येऊन उभी राहा. रविवारी तुझ्याबरोबर त्या प्राणिगृहात येईन, पण दारापर्यंतच. आत जे काय करता ते तुमचं तुम्ही बघा. घरात जेवण बसून करायचं, टेबलावर, उंदरांचा विषय न काढता. पत्ते आणतोय. मास्तरांसारखं हरायला शिक.

साठी परवाच झाली. खोकला आहे तसाच आहे. त्याचं काय व्हायचं ते होईल, तुझ्या उंदरांनाही ते माहीत नाही.

किटली नवी घेऊ नकोस. जुनीच आणतोय, बूड घासून लख्ख केलंय. पाणी मी चढवत जाईन. शिट्टी तू ऐक.

दादा